खाणारे वजा जाता

मराठी घरात स्वयंपाक ही एकच कला अशी आहे, जिचा निकाल दिवसातून दोनदा लागतो आणि त्यावर अपील चालत नाही. गवयाचा सूर घसरला तर दोष तंबोऱ्यावर ढकलता येतो, कवीची कविता पडली तर ती काळाच्या पुढची होती असं म्हणता येतं. आमटीला ही सोय नाही. पहिल्या भुरक्याला निकाल लागतो, आणि तोही बहुधा एका शब्दात. ‘मीठ?’ एवढंच. त्यात चौकशी असते, आरोप असतो आणि शिक्षाही असते. कौतुक करायचंच झालं तर ‘बरी झालीय’ ही सर्वोच्च पदवी. त्याहून जास्त प्रेम असेल तर ‘मागच्या वेळची जास्त छान होती’. आता गंमत अशी, की या निकालांना विटलेल्या माणसाला स्वयंपाकाचा कंटाळा आलेला असतोच असं नाही. मोजणं, उकळणं, घोटणं, साच्यात ओतणं, निवल्यावर अलगद सोडवून घेणं यात एक निखळ सुख आहे, आणि ते खाणाऱ्याच्या तोंडाशी येऊन संपतं. गेल्या काही वर्षांत घरच्या घरी सुगंधी मेणबत्त्या करण्याचं जे प्रस्थ वाढलं आहे, त्याची कारणं लोक नाना तऱ्हेची सांगतात. छंद, मनःशांती, दिवाळीच्या भेटी, हातखर्चाला चार पैसे. माझ्या मते ही सगळी मागाहून सुचलेली कारणं आहेत. सुगंधी मेणबत्ती हा खाणारा वजा केलेला स्वयंपाक आहे, आणि तिची सारी लोकप्रियता त्या वजाबाकीत आहे.

पुरावा कृतीतच सापडतो. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात दुसरं भांडं बसवून मेण वितळवायचं. थेट आचेवर ठेवायचं नाही, कारण मेण नुसतं करपून थांबत नाही, पेटतं. साधारण ऐंशी अंशांच्या आसपास उतरवायचं. मेणाच्या वजनाच्या सहा ते दहा टक्के सुगंधी तेल घालून मिनिट-दोन मिनिटं एका लयीत ढवळायचं. साच्याला तेलाचा हात फिरवायचा, मधोमध वात ताठ राहावी म्हणून वर एक काडी आडवी ठेवायची आणि ओतायचं. निवताना पॅराफिन आकसतं, त्यामुळे वातीभोवती खड्डा पडतो. तो भरायला थोडं मेण मागे राखलेलं असतं, ते पुन्हा गरम करून दुसऱ्यांदा ओतायचं. वाटीत किंवा ग्लासात न राहता स्वतःच्या पायावर उभी राहणारी जाड पिलर मेणबत्ती असेल, तर मेणात दहाएक टक्के स्टिअरिक आम्ल घालायचं, म्हणजे ती कडक होते आणि साच्यातून सुटून येते. सोयामेणाची असेल तर वास नीट धरावा म्हणून दोन आठवडे मुरत ठेवायची. या मजकुरातली मेण, वात वगैरे नावं झाकून तो एखाद्या जाणत्या सुगरणीपुढे ठेवला, तर ती वड्यांची कृती म्हणून वाचेल आणि वेलदोड्याची पूड कधी घालायची एवढंच विचारेल. फक्त एक पायरी त्यात कुठेच नाही. ‘मीठ चवीनुसार’ हे पाककृतीतलं सर्वात छळवादी वाक्य इथे लागत नाही. सगळं ग्रॅममध्ये, टक्क्यांत आणि अंशांत. कोणाच्या चवीनुसार, हा घरोघरीचा ऐतिहासिक तंटा मेणबत्तीनं एका फटक्यात निकालात काढला आहे.

कृतीवरून पटत नसेल तर आकार पाहावेत. मेणाला कुठलाही आकार देता येतो. भूमितीतल्या साऱ्या आकृत्या मोकळ्या आहेत, पशुपक्षी आहेत, किल्ले आहेत. तरीही गणपतीच्या सुमाराला मेणाचे मोदक होतात आणि दिवाळीत मेणाचे मोतीचूर लाडू. बुंदीचे दाणे वेगळे दिसावेत म्हणून मेणाच्या बारीक गोळ्या एकत्र दाबतात, वर पिस्त्याचे काप म्हणून हिरव्या मेणाचा कीस भुरभुरतात. कटिंग चहाच्या ग्लासात चहाच्या रंगाचं मेण ओततात. कोमट मेण काट्यानं फेटलं की ते हुबेहूब मलईसारखं फुगतं, मग त्याचं आइस्क्रीम. सुगंध निवडायचे तेही व्हॅनिला, कॉफी, दालचिनी, लिंबाची साल. ज्या माणसाला स्वयंपाकघरातून खरोखर सुटायचं आहे, तो इतक्या निष्ठेनं लाडू वळत बसणार नाही. त्याला स्वयंपाकघर हवंच आहे, फक्त पंगत नको आहे. या लबाडीची दखल सरकारदरबारीही घेतली गेली आहे. खाद्यपदार्थासारख्या दिसणाऱ्या, वास येणाऱ्या आणि म्हणून कुणी, विशेषतः लहान मुलांनी, तोंडात घालण्याचा धोका असलेल्या अखाद्य वस्तूंवर बंदी घालणारा निर्देश युरोपीय समुदायानं १९८७ सालीच काढला. नोकरशाहीला विनोदबुद्धी नसते असं म्हणतात; पण लाडवाच्या मेणबत्तीचं मूळ स्वरूप काय, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

मेणबत्ती आणि स्वयंपाकघर यांचं नातं आजचं नाहीच. युरोपात शेकडो वर्षं सामान्य माणसाची मेणबत्ती म्हणजे गुराढोरांची आणि मेंढ्यांची चरबी. मधमाश्यांचं मेण चर्चला आणि श्रीमंतांना. बाकीच्यांनी मटणाच्या रश्श्यावरचा तवंग जाळायचा, असाच तो प्रकार. तिला भयंकर वास यायचा, धूर व्हायचा, आणि उंदरांना ती इतकी आवडायची की मेणबत्त्या ठेवायला झाकणाच्या पेट्या भिंतीवर टांगत. म्हणजे तेव्हा खाणारा हजर होता. इंग्लंडमध्ये १७०९ पासून १८३१ पर्यंत मेणबत्तीवर कर होता, आणि परवान्याशिवाय घरी मेणबत्त्या करण्यालाही मनाई होती. आजच्या छांदिष्टांना ही बातमी कळली तर त्यांच्या छंदाला क्रांतिकारक धार येईल. खाणाऱ्याला हाकललं ते रसायनशास्त्रानं. शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञानं चरबीची फोड करून तिच्यातली आम्लं वेगळी काढली आणि १८२५ साली गे-ल्युसॅकबरोबर त्यापासून मेणबत्ती करण्याचं पेटंट घेतलं; त्यातून कडक, पांढरी, वास न येणारी मेणबत्ती आली. १८५० साली जेम्स यंग या स्कॉटिश रसायनज्ञानं कोळशापासून पॅराफिन काढण्याचं पेटंट घेतलं, आणि मेणबत्ती स्वयंपाकघरातून कायमची बाहेर पडली असं वाटलं. पण ती परत आली. पॅराफिन खनिज म्हणून नाकारणाऱ्या मंडळींनी जे ‘नैसर्गिक’ सोयामेण आणलं, ते म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. हीच क्रिया थोड्या कमी प्रमाणात केली की तिला वनस्पती तूप म्हणतात. डॉक्टरांनी बजावल्यावर आपण जे मोठ्या निर्धारानं स्वयंपाकघराच्या पुढल्या दारानं बाहेर काढलं, तेच मागल्या दारानं लॅव्हेंडर लावून आत आलं आहे. (जाता जाता एक हिशेब. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, म्हणजे किलोला जेमतेम एकोणपन्नास. सोयामेण किलोला काहीशे रुपयांनी मिळतं. लातूरच्या शेतकऱ्यानं मनःशांतीसाठी नेमकं काय जाळावं, हे कुठल्याही कृतीत दिलेलं नसतं.)

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. खाणारा नसला तरी जाळणारा आहे. जळताना मेणबत्तीची परीक्षा होतेच की. होते, आणि आमटीहून कडक होते. मायकेल फॅराडेनं १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्यानं दिली, यावरून तिच्या जळण्यात किती भानगडी आहेत ते समजावं. वातीला वितळलेलं मेण वर खेचायचं असतं, त्याची वाफ व्हायची असते, आणि जळते ती ती वाफ. वात जाड झाली की ज्योत मोठी, काजळी फार. वात बारीक झाली की ती आपल्यापुरती विहीर खणत खाली जाते आणि कडेचं मेण तसंच उभं राहतं. रंगासाठी मुलांचे मेणखडू किसून घातले, तर त्यातल्या रंगाच्या कणांनी वात तुंबते. घरात आहेच म्हणून गुलाबपाणी घातलं, तर मेणात न मिसळणारं ते पाणी तळाशी बसतं आणि ज्योत तिथे पोचली की तडतडतं. पिलर मेणबत्तीची वात मधोमध नसेल, तर एका कडेला खिंडार पडून सगळं मेण टेबलावर येतं. इतके धोके असलेली परीक्षा घरगुती मेणबत्ती कशी पास होते? उत्तर सोपं आहे. ती परीक्षेला बसतच नाही. ‘किती सुंदर झालीय, जाळवतच नाही!’ हे वाक्य ज्यानं प्रथम उच्चारलं त्यानं या कलेचा पाया घातला. आमटी कितीही सुंदर दिसली तरी ‘खाववत नाही’ हा तिचा गौरव होत नाही. मेणबत्तीची स्तुती मात्र तिची तपासणीच रद्द करते. वीज गेली की घरातली माणसं मोबाइलच्या उजेडात खण उपसून ती साधी, पांढरी, दहा-पाच रुपयांची मेणबत्ती शोधतात, आणि ती शोधताना शोकेसमधल्या सुगंधी मेणबत्त्यांना धक्का लागू नये म्हणून एकमेकांवर ओरडतात.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूनं येतो. यात नवीन काय, आपल्या आज्या चातुर्मासात लक्ष वाती वळत होत्या, तेही घरी, तेही हातानं. पण वात वळली की जळते. रोज जळते. तिचा कुणी फोटो काढत नाही आणि ती बिघडली तर देवघरातली समई लगेच सांगते. उदबत्ती घरी करावी असं क्वचितच कुणाच्या मनात येतं, तेही याच कारणानं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी लावलीच जाणार. परंपरेत मेणबत्तीचा खरा पूर्वज शोधायचा असेल तर तो वातीत नाही, नैवेद्यात आहे. नैवेद्याचा स्वयंपाक हा आपल्याकडे चव न घेता करायचा एकमेव स्वयंपाक. पान वाढलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले, झालं. देवानं डोळे वटारून ‘मीठ?’ असं विचारल्याची नोंद एकाही पोथीत नाही. बरं, तेच अन्न पुढे माणसांच्या पानात पडतं तेव्हाही निकाल लागत नाही, कारण प्रसादाला नावं ठेवायची नसतात. सत्यनारायणाचा शिरा कधी बिघडल्याचं ऐकलं आहे? रवा कच्चा राहिला तरी लोक डोळ्याला लावून खातात आणि घरच्या शिऱ्याला ही चव नाही म्हणतात. शेकडो वर्षं मराठी स्वयंपाकाला हा एकच सुरक्षित कोपरा होता. मेणाचा तर याच्याशी थेट संबंध आहे. वांद्र्याला माउंट मेरीच्या सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, त्यानं ते माउलीला वाहायचं. त्या मेणाच्या घराला खिडक्या सरळ आहेत का, बाळाचं नाक नीट आलंय का, हे तिथे कुणी तपासत नाही. घेणारी क्षमाशील असली की करणाऱ्याचा हात मोकळा चालतो. सुगंधी मेणबत्तीवाल्यांनी एवढंच केलं की हा मोकळेपणा वर्षातल्या चार दिवसांवरून तीनशे पासष्ट दिवसांवर नेला.

याच तर्काचं शेवटचं टोक पाहायचं तर अमेरिकेत जावं लागेल. तिथे डिसेंबरात नाताळच्या झाडावर टांगायला दालचिनीचे दागिने करतात. साधारण कपभर दालचिनीची पूड, पाऊण कप सफरचंदाचा शिजवलेला गर, मळायचं, पाव इंच जाड लाटायचं, चांदण्या-बदामाच्या आकारात कापायचं, स्ट्रॉनं भोक पाडायचं आणि मंद ओव्हनमध्ये दोनेक तास वाळवायचं. यात वात नाही, म्हणजे जाळण्याच्या परीक्षेची टांगती तलवारसुद्धा नाही. शुद्ध शंकरपाळी, खायची मात्र नाहीत. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हे सहज घडू शकतं, कारण तिथल्या घाऊक दुकानांत दालचिनी पिठासारखी डब्यानं मिळते आणि सफरचंदाचा गर बाटलीत. पुण्यात हा प्रयोग करायचा म्हणजे आधी सफरचंदं शिजवून गाळा, आणि मग वाटीभर दालचिनी. ज्या स्वयंपाकघरात किलोभर मसालेभाताला दालचिनीचे दोन तुकडे पडतात आणि तिसरा पडला तर ‘आज काय विशेष?’ असं विचारलं जातं, तिथे वाटीभर दालचिनी भिंतीवर टांगण्यासाठी वापरायची, हा गृहोद्योग नसून घराण्याविरुद्धचा उठाव आहे. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात त्या चांदण्यांवर चौथ्या दिवशी काय उगवेल, याचा विचार अमेरिकी कृतीत केलेला नसतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वात जोरात घेतला जातो. हा उद्योग आहे हो, बायका यावर घर चालवतात. चालवत असतील, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या माझ्या सिद्धान्ताच्या विरोधात जात नाहीत, त्या तो सिद्ध करतात. ज्या क्षणी मेणबत्ती विकायला ठेवली त्या क्षणी खाणारा परत आला. दिवाळीआधीच्या प्रदर्शनांत हे स्वच्छ दिसतं. गिऱ्हाईक येतं, मेणबत्ती उचलतं, नाकाशी नेतं, डोळे बारीक करतं आणि म्हणतं, ‘जरा उग्र नाही वाटत?’ मग दुसरी उचलतं. ‘ही छान आहे, पण वासच येत नाही.’ मग ‘ओशन ब्रीझ’ नावाची उचलतं. हे नाव ज्यानं ठेवलं तो वर्सोव्याला कधी उतरला नसावा. मुंबईत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला बोंबील वाळत घातल्याचा वास असतो, आणि तो प्रामाणिक वास आहे. एकीचं नाव ‘ताजे धुतलेले कपडे’. कपडे धुऊन गॅलरीत वाळत घातलेल्या बाईला हा सुगंध पैसे देऊन विकत घ्यायला सांगणं, याला विक्रीकौशल्यच म्हणावं लागेल. धंदा करणारीला हे सगळं ऐकून घ्यावं लागतं, वाती बदलाव्या लागतात, दर उतरवावे लागतात. थोडक्यात, तिला रोजचा स्वयंपाकच करावा लागतो. छंदवाली मात्र तिच्याकडून एकही मेणबत्ती घेत नाही. ‘हे तर आपण घरीच करू शकतो,’ असं तिच्या तोंडावर सांगून ती क्रॉफर्ड मार्केटकडे साचे आणायला जाते. पुरुषांचं काय, असंही विचारतील. तेही यात आहेत, आणि त्यांचं येणं बोलकं आहे. चहापत्तीचा डबा कुठे असतो हे वीस वर्षांत कळू न शकलेला गृहस्थ मेण नेमकं किती अंशांवर ओतावं यावर अर्धा तास बोलतो. थर्मामीटर आला की त्याला ते स्वयंपाकघर वाटत नाही, प्रयोगशाळा वाटते. आणि प्रयोगशाळेत जेवण वेळेवर मागत नाहीत.

आता माझ्याच सिद्धान्तातली एक गळती मी दाखवतो, कारण विरोधक ती दाखवण्याआधी आपण दाखवलेली बरी. स्वयंपाकातून खाणारा वजा झाला, पण भांडी वजा झाली नाहीत. उलट वाढली. मेणाचं पातेलं साबणाला दाद देत नाही. काथ्याला देत नाही. काम करणाऱ्या मावशी ते एकदा पाहतात, पदरानं नाक पुसतात आणि वेगळं काढून ठेवतात. त्यानंतर त्या पातेल्यात दूध तापत नाही. ते गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्यावं आणि कागद कचऱ्यात टाकावा, असं जाणकार सांगतात. पण हा सल्ला बहुतेकांना उशिरा मिळतो. आधी सुचतं ते म्हणजे उकळतं पाणी ओतून सगळं सिंकमध्ये सोडून देणं. पातेलं चकचकीत निघतं, मेण खुशीत वाहत जातं, आणि पाइपाच्या पहिल्या वळणावर गार होऊन तिथेच वस्तीला राहतं. दोन दिवसांनी पाणी तुंबतं आणि प्लंबर येतो. तो ओट्याखाली आडवा होतो, वळण उघडतो, आतून पाइपाच्या मापाचा एक घट्ट पांढरा पिलर ओढून काढतो, सवयीनं नाक दाबायला हात वर नेतो आणि मध्येच थांबतो. मग तो पिलर उजेडात धरून वास घेतो आणि विचारतो, ‘मोगरा आहे का हो?’ व्हिजिटचे पैसे तो वेगळे लावतो.